तीच संहिता, नवा वाचक : ‘सी’ भाषेतील एका वहिवाटीचा वाद

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/
जानेवारी २००७. जीसीसी या मुक्त कंपायलरच्या दोषनोंदवहीत एक तक्रार दाखल झाली. ‘क्ष + १०० > क्ष’ ही तपासणी एका प्रोग्राममध्ये लिहिलेली होती आणि कंपायलरने ती परस्पर काढून टाकली होती. तक्रार ‘अवैध’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. वाद मात्र मिटला नाही. त्याची मुळे त्या नोंदीच्या तीस वर्षे मागे, एका पुस्तकातील अर्ध्या वाक्यात होती.

२/
शाळेतील बीजगणितात क्ष + १०० हे क्ष पेक्षा नेहमीच मोठे असते. मग अशी तपासणी कोणी का लिहावी? कारण यंत्रातील संख्येला कुंपण असते. ३२ बिटांच्या धन-ऋण पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. तीत १ मिळवला की यंत्राजवळ पुढची संख्या लिहायला जागाच उरत नाही. या प्रसंगाला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

३/
जुन्या गाडीचे किलोमीटर मोजणारे मीटर ९९,९९९ नंतर ००,००० दाखवी. बहुतेक यंत्रांतील पूर्णांक तसाच फिरतो. फक्त तो शून्यावर येत नाही, थेट सर्वांत मोठ्या ऋण संख्येवर जाऊन पडतो. म्हणून प्रोग्रामर चाचणी लिहीत : शंभर मिळवूनही बेरीज वाढली नसेल, तर संख्या फिरली असे समजा आणि थांबा. दारावर बसवलेला हा पहारेकरी होता.

४/
तक्रारीतील प्रोग्रामने क्ष ची किंमत मुद्दाम कमाल मर्यादेवर ठेवली. पहारेकऱ्याने प्रोग्राम तेथेच थांबवायला हवा होता. प्रोग्राम थांबला नाही. त्याने बेरीज छापली : −२,१४,७४,८३,५४९. बेरीज ऋण झाली होती, आणि तरीही ‘बेरीज मोठी आहे’ ही चाचणी उत्तीर्ण झालेली होती. कारण यंत्राने ती केलीच नव्हती. ती कायम खरीच असणार, असे ठरवून कंपायलरने आधीच गाळली होती.

५/
कंपायलर हा दुभाषी. माणसाने ‘सी’ भाषेत लिहिलेले तो यंत्राच्या आज्ञांत उतरवतो. दुभाष्याने निरर्थक द्विरुक्ती गाळली तर कोणी रागावत नाही. पण येथे त्याने धोक्याची सूचना द्विरुक्ती समजून गाळली. तसे करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? हे समजण्यासाठी ‘सी’च्या जन्मस्थळी जावे लागते.

६/
१९७० च्या दशकाचा आरंभ, अमेरिकेतील बेल लॅब्ज. डेनिस रिची यांनी युनिक्ससाठी ‘सी’ घडवली ती प्रामुख्याने पीडीपी-११ या यंत्रावर. तेथे साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये आले, तेव्हा भाषा चार यंत्रांवर पोहोचली होती : पीडीपी-११, हनीवेल ६०००, आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२.

७/
या पुस्तकाच्या परिशिष्टात ओव्हरफ्लोविषयी दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. एक : ओव्हरफ्लो झाल्यास काय होईल, हे यंत्रावर अवलंबून आहे. दोन : ‘सी’ची सध्याची सर्व रूपे पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष करतात. पहिले विधान नियमाचे आहे, दुसरे चालू वहिवाटीचे. वाचणाऱ्यांच्या मनात दुसरे अधिक ठसले.

८/
वहिवाट घरच्या मंडळींचीच होती. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतील यादृच्छिक संख्या देणारे फलन पाहा. मागील संख्येला १,१०,३५,१५,२४५ ने गुणायचे, १२,३४५ मिळवायचे. हा गुणाकार मर्यादा ओलांडणारच. किंबहुना संख्या फिरावी, हाच त्या फलनाचा आधार. आणि ती संख्या ठेवली होती धन-ऋण पूर्णांकात. जेथे भाषा जन्मली, तेथेच संख्या फिरते हे गृहीत धरले जात होते.

९/
मग ही वहिवाट नियमात का आली नाही? कारण सर्व यंत्रे एका वळणाची नव्हती. ऋण संख्या लिहिण्याच्या तीन पद्धती प्रचलित होत्या. आज सर्वत्र असलेली ‘टूज कॉम्प्लिमेंट’ ही त्यांपैकी एक. ३६ बिटांची युनिव्हॅक ११०० यंत्रे ‘वन्स कॉम्प्लिमेंट’ पाळत. तेथे धन शून्य आणि ऋण शून्य अशी दोन शून्ये असत. तिसऱ्या पद्धतीत चिन्हासाठी एक बिट वेगळा राखलेला असे.

१०/
शिवाय काही यंत्रे मर्यादा ओलांडताच काम थांबवू शकत. मिप्स या प्रोसेसरमध्ये तर बेरजेच्या दोन आज्ञा होत्या : एक ओव्हरफ्लो झाल्यास यंत्राला अडवणारी, दुसरी मुकाट्याने पुढे जाणारी. ‘संख्या फिरलीच पाहिजे’ असा नियम केला असता, तर ज्या यंत्रांना ते सहज जमत नव्हते तेथे ‘सी’ मंदावली असती.

११/
अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेने १९८३ मध्ये ‘सी’चे प्रमाणीकरण करण्यासाठी समिती नेमली. १९८९ मध्ये मानक मंजूर झाले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय ठरले. जेथे नियम करता येत नव्हता, तेथे समितीने वेगवेगळे वर्ग केले. त्यांतील दोन आपल्या कथेत महत्त्वाचे. पहिला : निर्णय कंपायलर बनवणाऱ्याचा, पण तो त्याने लिहून जाहीर करावा. दुसरा : ‘अनिर्धारित वर्तन’. येथे मानक कोणतीही अट घालत नाही.

१२/
धन-ऋण पूर्णांकांचा ओव्हरफ्लो दुसऱ्या वर्गात गेला. चिन्हरहित पूर्णांकांना मात्र स्पष्ट नियम मिळाला : ते मीटरप्रमाणे फिरतील. ओव्हरफ्लो पहिल्या वर्गात ठेवला असता, तर प्रत्येक कंपायलरला आपली रीत जाहीर करून पाळावी लागली असती, आणि २००७ ची तक्रार कदाचित उद्भवलीच नसती. दोन वर्गांतील हा फरक त्या काळी फार थोड्यांना जाणवला.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठभेदांचे महत्त्व ठाऊक असते. कर्निगन-रिची पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ ची. पहिल्या आवृत्तीत ‘सर्व’ रूपे ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष करत होती. दुसरीत ती ‘बहुतेक’ झाली. आणि एक नवी पुस्ती जोडली गेली : या वर्तनाची हमी नाही. दहा वर्षांत एक शब्द बदलला, एक इशारा आला. पुढच्या भांडणाचे बीज या पाठभेदात आहे.

१४/
दुसरा पुरावाही बोलका आहे. समितीने मानकासोबत आपल्या निर्णयांची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. तीत पूर्णांकांच्या एका वेगळ्याच नियमाची चर्चा करताना सहज नोंद येते की, त्या काळच्या बहुतेक कंपायलरांत टूज कॉम्प्लिमेंट पद्धत होती आणि ओव्हरफ्लो झाल्यास संख्या मुकाट्याने फिरत असे. म्हणजे समितीला वहिवाट ठाऊक होती. तिने ती नाकारली नाही. फक्त बंधनकारक केली नाही.

१५/
यानंतरची दीड दशके तुलनेने शांततेची. अनिर्धारित वर्तन घडले तर कंपायलर तुमच्या नाकातून भुते काढू शकतो, असा विनोद १९९० च्या दशकात प्रोग्रामरांत रूढ झाला. लोक हसत, कारण भुते कधी निघत नसत. कंपायलर बेरजेची आज्ञा लिही, यंत्र बेरीज करी, संख्या फिरे. करारातील मोकळी जागा कोणी वापरत नव्हते, कारण ती वापरण्याइतके कंपायलर हुशार नव्हते.

१६/
जीसीसीची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये केली. एप्रिल २००५ च्या ४.० आवृत्तीत त्याचा अंतर्गत पाया बदलला. प्रत्येक चल कोणत्या मर्यादेत राहील, याचा माग पूर्ण फलनभर काढणे आता शक्य झाले आणि पुढच्या आवृत्त्यांनी त्याचा लाभ घेतला. धन-ऋण पूर्णांकांवर काही मोजके तर्क जीसीसी पूर्वीही करत असे. आता त्यांचा आवाका वाढला.

१७/
तर्क असा : ओव्हरफ्लो झाल्यास मानक कसलेच बंधन घालत नाही. म्हणजे शुद्ध प्रोग्राममध्ये ओव्हरफ्लो होत नाही. म्हणजे क्ष + १०० नेहमीच क्ष पेक्षा मोठे. म्हणजे चाचणी निरर्थक. म्हणून ती काढा. या साखळीची एकही कडी सैल नाही. आणि तरीही तिचा शेवट असा की, ज्या संकटासाठी चाचणी लिहिली, ते संकट येणारच नाही असे गृहीत धरून चाचणी रद्द होते.

१८/
हे कंपायलर बनवणाऱ्यांचे खोडसाळ कृत्य होते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. एक साधे आवर्तन घ्या : शून्यापासून सुरू करा, न पर्यंत एकेक वाढवत जा. संख्या फिरत नसेल, तर फेऱ्या नक्की न + १. संख्या फिरू शकत असेल, तर न कमाल मर्यादेवर असताना हे आवर्तन कधीच संपणार नाही. पहिल्या गृहीतकावर फेऱ्या आधी मोजता येतात, कामाची पुनर्मांडणी करता येते, वेग वाढतो.

१९/
त्याच काळात ६४ बिटांची यंत्रे घरोघरी येऊ लागली होती. पत्ते ६४ बिटांचे, पण जुन्या प्रोग्रामांतील मोजणीचे चल ३२ बिटांचे. चल फिरणार नाही ही खात्री असेल, तर कंपायलर तो एकदाच ६४ बिटांत नेऊन ठेवतो. नसेल, तर दर फेरीला रूपांतराचा भुर्दंड पडू शकतो. वैज्ञानिक गणिते आणि चित्रप्रक्रिया करणाऱ्यांना हा वेग हवा होता.

२०/
वादाला तोंड फुटले २००६ च्या डिसेंबरात. कारण ठरले एक छोटे आवर्तन : १ पासून सुरू करा, दुप्पट करत जा आणि संख्या धन असेपर्यंत थांबू नका. संख्या कधीतरी फिरून ऋण होईल आणि आवर्तन संपेल, हा लिहिणाऱ्याचा भरवसा. नव्या कंपायलरचा निष्कर्ष : धन संख्येची दुप्पट धनच असते. आवर्तन अनंत झाले.

२१/
गंमत अशी की, हे आवर्तन एखाद्या नवशिक्याचे नव्हते. जीएनयूचे सॉफ्टवेअर एखाद्या यंत्रावर नीट चालेल की नाही, हे आधीच तपासणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनातील ते होते. पॉल एगर्ट यांनी सुचवले : ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या प्रकल्पांसाठी जीसीसीचा ‘एफ-रॅप-व्ही’ हा पर्याय मुळातच चालू ठेवावा. त्या पर्यायाने कंपायलर ‘संख्या फिरते’ हे मान्य करतो.

२२/
दोन पक्ष पडले. एक म्हणे : लाखो ओळी या वहिवाटीवर उभ्या आहेत; त्या लिहिणारे अनेकजण आता हयात नाहीत किंवा तो प्रोग्राम सांभाळत नाहीत; पूर्वसूचना न देता अर्थ बदलू नका. दुसरा म्हणे : अर्थ बदललेलाच नाही; मानकात जे १९८९ पासून लिहिले आहे, तेच आम्ही वाचतो आहोत; तुम्हाला जुनी रीत हवी असेल तर पर्याय उपलब्ध आहे, पण सर्वांचा वेग त्यापायी का दवडावा?

२३/
महाराष्ट्रातील जुने दप्तर चाळणाऱ्यांना हा वाद परका वाटू नये. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या लोक जातात. कागदावर मात्र वाटेची नोंद नाही. नवा मालक कुंपण घालतो. तो कागद दाखवतो, गावकरी पायवाट दाखवतात. दोघांचेही पुरावे खरे असतात. प्रश्न एवढाच उरतो की निवाडा कशावर व्हावा, आणि निवाडा होईपर्यंत वाटेने जाणाऱ्याचे काय.

२४/
मे २००७ मध्ये जीसीसी ४.२ आली. इयान लान्स टेलर यांनी तडजोड घडवली : ओव्हरफ्लो होत नाही असे मानून केलेली कामे एका वेगळ्या पर्यायाखाली आणली, म्हणजे ती बंद करता येतील, आणि अशा गृहीतकावर चाचणी सरळ केली गेली तर इशारा देण्याची सोय केली. सोय स्तुत्य, पण अपुरी. निरुपद्रवी जागीही इशारे येत, आणि इशाऱ्यांच्या गर्दीत खरा इशारा हरवे.

२५/
एप्रिल २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या सुरक्षा केंद्राने जाहीर सूचना काढली : जीसीसी काही तपासण्या गुपचूप गाळते. हा प्रकार स्मृतीतील पत्त्यांच्या बेरजेचा होता. पत्त्यात लांबी मिळवल्यावर तो मागे गेला का, अशी ती तपासणी. एकट्या जीसीसीला आरोपी केल्याबद्दल टीका झाली, कारण इतर कंपायलरही तेच करत होते. पुढे सूचनेच्या शीर्षकात ‘सी कंपायलर’ असा बदल झाला.

२६/
मोठ्या प्रकल्पांनी आपापला निवाडा केला. लिनक्स कर्नलने २००९ मध्ये कंपायलरला अशी गृहीतके करण्यास मनाई करणारा पर्याय स्वीकारला. पोस्टग्रेसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली ‘एफ-रॅप-व्ही’ लावूनच बांधली जाते. पायथॉनची मूळ आवृत्तीही अनेक वर्षे तशीच बांधली गेली. एकाच भाषेच्या दोन बोली झाल्या : एक मानकाची, एक वहिवाटीची. दोन्हींची लिपी सारखीच, म्हणून फरक डोळ्यांना दिसत नाही.

२७/
दोष कोणाचा, हे बाजूला ठेवून रोग किती पसरला आहे, हे मोजण्याचे काम २०१२ मध्ये यूटा आणि इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनी केले. जॉन रेगर आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे त्या गटात होते. त्यांना ओव्हरफ्लोचे दोष एसक्यूलाइट, पोस्टग्रेसक्यूएल, पायथॉन, ओपनएसएसएल इत्यादींत सापडले. ओव्हरफ्लोपासून संरक्षण देण्यासाठीच लिहिलेल्या सेफइंट या संग्रहातही सापडले!

२८/
पुढच्या वर्षी एमआयटीतील संशोधकांनी कंपायलर गाळू शकेल अशी ‘अस्थिर’ तपासणी शोधणारे साधन बनवले आणि त्याच्या मदतीने १६० नवे दोष नोंदवले. निष्णात लोक इतक्या ठिकाणी एकच चूक करत असतील, तर तिला केवळ व्यक्तीची चूक म्हणता येत नाही. करार असा लिहिला गेला होता की, त्याचा भंग झाल्याचे भंग करणाऱ्यालाही कळू नये.

२९/
म्हणून पुढचा प्रयत्न भंग दिसेल असा करण्याचा झाला. २०१३-१४ मध्ये क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांत ‘सॅनिटायझर’ आला. तो प्रोग्राम चालू असताना ओव्हरफ्लो घडताच ओळ क्रमांकासह कळवतो. जीसीसी ५ ने २०१५ मध्ये, बेरीज करून ती मर्यादेत मावली की नाही हेही सांगणारी फलने दिली. २०२३ च्या ‘सी’ मानकाने अशी फलने भाषेतच घेतली.

३०/
पहारेकरी योग्य जागी बसवण्याची रीतही सोपी आहे : आधी बेरीज करून मग ‘फिरली का’ असे विचारू नये. ‘क्ष हा कमाल मर्यादा वजा १०० पेक्षा मोठा आहे का’ असे बेरजेपूर्वी विचारावे. या प्रश्नात कोठेही मर्यादा ओलांडली जात नाही, म्हणून कंपायलरला तो गाळता येत नाही. घर फुटल्यावर नव्हे, कुलूप लावताना तपासणे, इतकाच हा फरक.

३१/
कथेचा शेवटचा पेच अलीकडचा. दोन शून्यांची यंत्रे इतिहासजमा झाली. सी++ ने २०२० मध्ये आणि ‘सी’ने २०२३ च्या मानकात टूज कॉम्प्लिमेंट हीच एकमेव पद्धत मान्य केली. ज्या विविधतेपायी नियम टाळला होता, ती संपली. सी++ साठीच्या पहिल्या मसुद्यात ‘आता संख्या फिरते असेही जाहीर करा’ अशी सूचना होती. ती स्वीकारली गेली नाही. ओव्हरफ्लो आजही अनिर्धारितच आहे.

३२/
कारण मधल्या काळात त्या मोकळ्या जागेला नवे मालक मिळाले होते. वेगासाठी कंपायलर तिच्यावर अवलंबून होता. आणि संख्या फिरणे ही बहुधा चूकच असते, म्हणून चूक शोधणाऱ्या साधनांनाही ती अधिकृत ठरायला नको होती. १९८९ मध्ये यंत्रांच्या सोयीसाठी सोडलेली जागा २०२३ मध्ये वेगळ्याच कारणांनी राखली गेली. नियम टिकला, त्याचे कारण बदलले.

३३/
इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी या प्रकरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कागदातील मौन म्हणजे संमती नव्हे आणि मनाईही नव्हे. त्या मौनाचा अर्थ प्रत्येक पिढीचा वाचक आपल्या बळानुसार लावतो. १९७८ चे वाचक माणसे होती. त्यांनी मौनात वहिवाट वाचली. २००७ चा वाचक यंत्र होते. त्याने मौनात परवानगी वाचली. मजकूर तोच होता. म्हणून जे गृहीत आहे ते लिहून ठेवावे, आणि ते लिहिताना, आपल्याला न ओळखणारा कोणी पुढे ते शब्दशः वाचणार आहे, याचे भान ठेवावे.

(समाप्त)
#मराठी #इतिहास